हिमालयातील शिकाऱ्याची शिदोरी

दुरून डोंगर साजरे, अशी आपल्याकडे म्हण आहे. हिमालयात शिकारीस निघालेल्या माणसाला ह्या म्हणीचा अर्थ जितक्या लवकर कळत असे, तितका तो क्वचितच दुसऱ्या कोणाला कळला असेल. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या रानांतील शिकारीची जी वर्णने आपण वाचली आहेत, त्यांत शिकारी मचाणावर बसतो, हाकारे रान उठवतात आणि सावज शिकाऱ्याच्या पुढ्यात येते. हिमालयात हा क्रम अगदी उलटा. तेथे सावज बारा-पंधरा हजार फुटांवरील कड्यावर उभे असते आणि शिकाऱ्याला त्याच्यापर्यंत, पुष्कळदा त्याच्याही वर, स्वतःच्या पायांनी जावे लागते. म्हणून तेथील शिकारीचा निकाल बंदुकीचा चाप ओढण्यापूर्वी किती तरी आधी, घरी सामान बांधतानाच लागून गेलेला असे.

श्रोतेहो, ह्या सामानाचीच कथा आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. काळ आहे साधारणपणे १८५० पासून १९४७ पर्यंतचा. प्रदेश आहे काश्मीर, बाल्टिस्तान, लडाख आणि थोडा कुमाऊंचा. ह्या काळात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हिमालयातील शिकारीवर विपुल लेखन केले. फ्रेडरिक मार्कम ह्यांचे पुस्तक १८५४ साली, आर्थर ब्रिंकमन ह्यांचे १८६२ साली, तर अलेक्झांडर किनलॉक ह्यांचे १८६९ साली प्रसिद्ध झाले. बंदुकीच्या शास्त्राचे जाणकार म्हणून नावाजलेल्या जेरल्ड बरार्ड ह्यांनी १९२५ साली हिमालय व तिबेटमधील शिकारीवर ग्रंथ लिहिला. अशा पुस्तकांतील पराक्रमाच्या प्रकरणांवर आज आपण पुरता विश्वास ठेवतोच असे नाही. शिकाऱ्याच्या गोष्टीतले शिंग दर खेपेस बोटभर वाढते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु सामानाच्या यादीत बढाई मारण्यास जागा नसते. बरोबर काय घ्यावे आणि ते कोणी वाहावे, हे सांगताना लेखक नकळत आपल्या काळाची साक्ष देऊन जातो.

ह्या शिकारीसाठी घाई किती असे, ते आधी सांगितले पाहिजे. रजा मिळे दोन महिन्यांची, फार तर सहा महिन्यांची. एप्रिलच्या मध्यास रजेचा हंगाम उघडला की रावळपिंडीहून मरी आणि कोहाळामार्गे काश्मीरकडे धाव सुरू होई. तेथे ‘नाला’ ह्या शब्दाने पर्वताची एक संपूर्ण दरीच समजली जाते. जो शिकारी एखाद्या नाल्यात प्रथम तळ ठोकील, त्याचा तो नाला, असा शिकाऱ्यांमधील अलिखित संकेत होता. त्यामुळे दोन-दोन मजला एका दिवसात मारीत, रात्री मशालीच्या उजेडात खिंडी ओलांडीत हे अधिकारी अस्तोरच्या किंवा बाल्टिस्तानच्या नाल्यांकडे धावत. सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीची झोजी खिंड वसंत ऋतूत पहाटेपूर्वीच ओलांडावी लागे. कारण ऊन चढले की बर्फ मऊ होते आणि हिमलोट कोसळू लागतात. पुढे काश्मीर दरबाराने परवान्यांचे नियम केले, किती जनावरे मारावीत ह्यावर मर्यादा घातली, आणि ही शर्यत हळूहळू थांबली. परंतु शर्यतीचा एक धडा राहिला. ज्याचे सामान जड, तो मागे पडला.

आता बंदुकीकडे वळू. शिकाऱ्याच्या यादीत तिचे नाव पहिले असे आणि तिच्याविषयीचा वादही सर्वांत मोठा असे. १८५० च्या सुमारास शिकारी तोंडाने ठासावयाची बंदूक नेत. कड्यावर एका पायावर तोल सावरून दारू, गोळी आणि टोपी घालीपर्यंत जखमी जनावर पुढच्या डोंगरावर गेलेले असे. १८७० नंतर ‘एक्स्प्रेस’ नावाच्या, मागून भरावयाच्या रायफली आल्या. त्यांची गोळी सेकंदास सुमारे अठराशे फूट वेगाने सुटे. परंतु काळ्या दारूचा धूर समोर पसरला की गोळी लागली की नाही, हे काही क्षण कळत नसे. १८८६ साली फ्रान्सने बिनधुराच्या दारूची लष्करी बंदूक काढली आणि सारे चित्र पालटले. त्यानंतरच्या दशकात ०.२५६ इंच व्यासाची मॅन्लिकर रायफल डोंगरी शिकाऱ्यांची आवडती झाली. वजनाने हलकी, गोळी बारीक आणि वेग सेकंदास सुमारे तेवीसशे फूट. जो शिकारी पूर्वी दहा पौंडांची दुनळी ओढीत वर चढे, त्याच्या खांद्यावरचे ओझे एकाएकी उतरले.

तरीही बंदूक उत्तम असून नेम चुकण्याची कारणे पर्वतात वेगळीच होती. गोळी खाली किती येते, हे तिने कापलेल्या आडव्या अंतरावर ठरते. समजा, जनावर पंचेचाळीस अंशांच्या उतारावर दोनशे यार्ड दूर आहे. आडवे अंतर मोजले तर ते एकशे चाळीस यार्डांच्या आसपासच भरते. दोनशे यार्डांचा हिशेब धरून नेम धरणाऱ्याची गोळी जनावराच्या पाठीवरून जाते, मग तो चढाकडे मारीत असो वा उताराकडे. शिवाय पंधरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. त्या विरळ हवेत गोळीला अडथळा कमी होतो आणि ती आणखी वर जाते. म्हणून जाणते शिकारी सांगत की, मैदानात बसवलेल्या नेमावर विसंबू नका. उंचावर पोहोचल्यावर दगडाला लक्ष्य करून दोन-चार गोळ्या खर्च करा. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला हिमालय दुसरी संधी देत नसे.

बंदूक लंडनहून आली, पण पायांचे काय? येथे यादीतील एक मोठी गंमत दिसते. विलायतेत शिवलेले, तळाला खिळे ठोकलेले भक्कम बूट घेऊन साहेब काश्मिरात उतरे. बर्फावर आणि मातीच्या उतारावर ते उपयोगी पडत. परंतु गुळगुळीत, ओल्या खडकावर लोखंडी खिळा घसरे आणि त्याचा आवाज दरीभर घुमे. मग साहेबाचा काश्मिरी शिकारी त्याच्यापुढे भाताच्या पेंढ्याची वळलेली पादत्राणे ठेवी. काश्मिरीत त्यांना ‘पुलहोर’ म्हणतात. मोज्यावर ती दोरीने आवळली की पाय खडकाला चिकटून राही आणि पावलाचा आवाजही होत नसे. खडकाळ वाटेवर एक जोड दोन दिवसही टिकत नसे हे खरे. पण पेंढ्याची जुडी बरोबर असली की मुक्कामावर बसल्याबसल्या नवा जोड वळता येई.

कपड्यांचेही असेच झाले. काश्मीरच्या खेड्यांत हातमागावर विणलेले जाडेभरडे लोकरी कापड, ज्याला ‘पट्टू’ म्हणतात, ते भिजले तरी ऊब देई, काट्यात फाटत नसे, आणि त्याचा मातकट रंग खडकात मिसळून जाई. गुडघ्याखाली गुंडाळावयाची लोकरीची लांब पट्टी ही मूळची हिमालयातील लोकांची. आपल्या ‘पट्टी’ ह्याच शब्दाचे इंग्रजांनी ‘पटी’ केले आणि पुढे पहिल्या महायुद्धात त्यांच्या लाखो सैनिकांनी ती पायांवर गुंडाळली. थंडीसाठी मेंढीच्या कातड्याचे पोस्तीन, बर्फाच्या चकाकीपासून डोळे वाचवण्यासाठी काळा चष्मा. आणि ज्या लडाखी माणसाला चष्मा मिळत नसे, तो याकच्या केसांची झालर डोळ्यांवर ओढून घेई. सांगावयाचे तात्पर्य असे की, अनुभवी शिकाऱ्याची यादी वाचत गेलो तर तिच्यात विलायती वस्तू कमी आणि डोंगरातल्या वस्तू अधिक होत जातात.

आता तंबू आणि पेट्या. काबुली घाटाचा चाळीस पौंडांचा लहान तंबू एका माणसाच्या पाठीवर जाई. खेचरांच्या वाटेवर लाकडाच्या, कातड्याने मढवलेल्या पेट्या जोडीने लादत. त्यांना ‘यखदान’ म्हणत. खेचर चालणार नाही तेथे, कातड्याने मढवलेल्या बांबूच्या टोपल्या पाठीवर बांधीत, त्या ‘किल्टा’. प्रत्येक ओझे पंचवीस शेरांच्या आत, म्हणजे आजच्या मापाने सुमारे तेवीस किलो, असावे असा दंडक होता. हे पंचवीस शेर चांगले लक्षात ठेवा. कारण शिकारीचे सारे गणित ह्या आकड्यावर उभे होते.

आपणच ते करून पाहू. समजा, एक साहेब, दोन शिकारी, एक स्वयंपाकी, दुपारचा डबा वाहणारा एक गडी आणि सामानाचे दहा हमाल, अशी पंधरा माणसे आहेत. उंचावर चढउतार करणाऱ्या माणसाला दिवसास शेरभर पीठ लागते असे धरा. तीस दिवसांचे साडेचारशे शेर झाले, म्हणजे अठरा ओझी. मूळ सामान दहा ओझ्यांचे आणि नुसते पीठच अठरा ओझ्यांचे! बरे, ही अठरा ओझी वाहणारी अठरा माणसे उपाशी थोडीच चालणार? ती खाऊ लागली की पुन्हा पीठ वाढले, पुन्हा माणसे वाढली. पंचवीस शेर पीठ वाहणारा माणूस पंचवीस दिवसांत आपले ओझे स्वतःच खाऊन टाकतो, आणि त्याला परतही यावयाचे असते. ह्या चक्रातून सुटण्याचा मार्ग एकच. शेवटच्या गावात धान्याचा साठा करावयाचा, चार-सहा माणसे ठेवून बाकीच्यांना परत पाठवावयाचे आणि साहेबाने आपल्या गरजांना कात्री लावावयाची. लडाखच्या पठारावर तर लाकूडही नाही. बुर्त्से नावाचे झुडूप आणि वाळलेले शेण हेच सरपण. तेथे पंधरा हजार फुटांवर पाणी सुमारे पंच्याऐंशी अंशांवरच उकळू लागते, त्यामुळे डाळ तासन् तास शिजत ठेवली तरी कच्चीच राहते. म्हणून जाणता माणूस तेथे डाळीऐवजी सत्तू नेई.

हे गणित कागदावर सोपे दिसते. परंतु कागदावरच्या प्रत्येक ओझ्याखाली एक पाठ होती, आणि ती पाठ कशी मिळवली जाई, ह्याविषयी शिकारीची पुस्तके फारशी बोलत नाहीत. साहेबाजवळ दरबाराचा परवाना असे. तो गावच्या मुखियाला दाखवला की हमाल हजर करणे त्याला भाग पडे. मजुरीचा दर ठरलेला असे आणि अनेक शिकारी ती स्वतःच्या हाताने चुकती करीत, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ज्याच्या शेतात पेरणीचे दिवस आहेत, त्याला ‘येत नाही’ असे म्हणण्याची मुभा नव्हती. एप्रिल-मे हा शिकारीचा हंगाम आणि तोच शेतकऱ्याच्या पेरणीचा. काश्मीरचे जमाबंदी अधिकारी वॉल्टर लॉरेन्स ह्यांनी १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या वेठबिगारीचे भयानक वर्णन केले आहे. गिलगिटच्या लष्करी ठाण्याला धान्य पोहोचवण्यासाठी खेडीच्या खेडी कशी हाकली जात आणि त्या वाटेवर किती माणसे परतत नसत, ते त्यांनी लिहून ठेवले. शिकाऱ्याचे दहा हमाल आणि गिलगिटचे हजारो हमाल ह्यांत संख्येचा फरक मोठा होता; दोघांना घराबाहेर काढणारा हुकूम एकाच जातीचा होता.

कुमाऊंच्या डोंगरात ह्या पद्धतीला ‘कुली-बेगार’ म्हणत. प्रत्येक गावच्या प्रमुखाकडे एक वही असे आणि तीत कोणाच्या घरातून केव्हा किती माणसे ओझी वाहण्यास द्यावयाची, ह्याची नोंद असे. दौऱ्यावरचा अधिकारी असो की शिकारीवरचा पाहुणा, ती वही उघडली जाई. जानेवारी १९२१ मध्ये, मकरसंक्रांतीला तेथे उत्तरायणीचा जो मेळा भरतो, त्या मेळ्यात बागेश्वर येथे हजारो लोक जमले. बद्रीदत्त पांडे ह्यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी यापुढे वेठीची ओझी वाहणार नाही अशी शपथ घेतली आणि त्या वह्या सरयू नदीच्या पात्रात भिरकावून दिल्या. हिमालयातील शिकारीच्या सामानाचा इतिहास लिहिताना हा दिवस वगळता येणार नाही. शिकाऱ्याची यादी आणि गावप्रमुखाची वही ही एकाच पानाची दोन अंगे होती.

आणखी एक गोष्ट ह्या यादीत कधी लिहिली जात नसे, कारण ती विकत मिळत नव्हती. ती म्हणजे स्थानिक शिकाऱ्याची नजर. पितळेची लांब दुर्बीण साहेबाची असे. पण तिच्यातून पाहणारा डोळा बहुधा काश्मिरी, बाल्टी किंवा लडाखी असे. पहाटे पहाडाच्या धारेवर पडून राहावयाचे आणि समोरचा उतार पट्ट्यापट्ट्याने धुंडाळावयाचा. करड्या दगडांतला एक करडा दगड किंचित हलला, की तो रानबोकड आहे हे ओळखावयाचे. वारा पहाटे डोंगरावरून खाली वाहतो आणि ऊन तापल्यावर खालून वर चढतो, हे शास्त्र त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते. परंतु कोणत्या वेळी कोणत्या अंगाने जावे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. ह्या माणसाजवळ स्वतःच्या मालकीची बंदूक असलीच तर ती जुनी तोड्याची. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना आवश्यक केला होता आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली होती. काश्मीर संस्थान त्या कायद्याच्या बाहेर असले, तरी हाताखालचा माणूस आणि साहेब ह्यांमधील अंतर तेथेही तेवढेच होते. सावज शोधणारा एक, त्याच्यावर बार टाकणारा दुसरा, आणि पुस्तकात नाव तिसऱ्याचे नव्हे, दुसऱ्याचेच!

अशा शिकाऱ्याची सारी मिळकत म्हणजे साहेबांनी दिलेल्या प्रशस्तिपत्रांची एक गाठोडी. त्या ‘चिठ्ठ्या’ तो नव्या साहेबापुढे मोठ्या अभिमानाने उलगडी. कित्येकदा चिठ्ठीत काय लिहिले आहे हे त्याला वाचताही येत नसे, आणि थट्टेने लिहिलेली निंदासुद्धा तो जपून ठेवी. मात्र ह्या मुक्या जगातून एक आवाज आपल्यापर्यंत पोहोचला आहे. लेहचे गुलाम रसूल गलवान लहान वयातच साहेबांच्या काफिल्यांत कामाला लागले, फ्रान्सिस यंगहजबंड ह्यांच्यासारख्या प्रवाशांबरोबर मध्य आशियापर्यंत गेले आणि पुढे मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. ‘सर्व्हंट ऑफ साहिब्ज’ ह्या नावाने ते १९२३ साली प्रसिद्ध झाले. प्रस्तावना यंगहजबंड ह्यांची होती. लडाखमधील गलवान नदीचे नाव आज आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. ते ह्याच घराण्याचे नाव.

मग इतक्या खटाटोपाने मिळवले काय? मिळवली शिंगे. मारखोराची मळसूत्री शिंगे, रानबोकडाची गाठीदार शिंगे, लडाखच्या न्यान मेंढ्याची वळलेली जड शिंगे. ‘मारखोर’ ह्या फारसी शब्दाचा अर्थ ‘साप खाणारा’ असा लावतात. प्रत्यक्षात बिचारा प्राणी पाला आणि गवत खाऊन राहतो. १८९२ साली लंडनच्या रोलंड वॉर्ड ह्यांनी शिंगांच्या मापांचे पुस्तक काढले आणि त्यात आपले नाव यावे म्हणून इंचाइंचासाठी चढाओढ लागली. म्हातारा, भारदस्त शिंगांचा नर हाच लक्ष्य ठरला. तरीही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. साहेबाची बंदूक थांबल्यानंतरही ह्या प्राण्यांचे दैव पालटले नाही. सीमेवरील लढाया, चोरटी शिकार, वाढती गुरे आणि तुटती जंगले ह्यांनी त्यांना अधिकच मागे रेटले. काश्मीरचा हंगूल हरीण विसाव्या शतकाच्या आरंभी काही हजारांच्या संख्येने होता असे मानतात. १९७० च्या सुमारास तो दोनशेच्याही खाली आला होता. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते एम. के. रणजितसिंह पुढे मारखोर शोधण्यास काश्मीरच्या सीमेवर गेले. २००५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला अंदाज भारताच्या ताब्यातील भागात अवघ्या साडेतीनशेच्या घरातला होता.

हे शोधक गेले तेव्हा त्यांच्या पाठपिशव्यांत काय होते? ऊबदार कपडे, तंबू, पीठ, चहा आणि दुर्बीण. बरोबर एक स्थानिक माणूस, ज्याला धार आणि वारा कळतो. शंभर वर्षांपूर्वीच्या यादीतील एक ओळ तेवढी खोडलेली होती, ती बंदुकीची. जॉर्ज शेलर ह्यांनी १९७७ साली हिमालयातील रानमेंढ्या व रानबोकडांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याचीही सामग्री अशीच, तासन् तास दुर्बिणीला डोळा लावून जमवलेली. २०२४ च्या आरंभी सरकारने हिमबिबट्यांची पहिली देशव्यापी मोजणी जाहीर केली. ७१८ पैकी ४७७ एकट्या लडाखात आहेत असा अंदाज निघाला. त्यासाठी खडकाखडकांत कॅमेरे लावण्यास, ठसे शोधण्यास त्याच डोंगरांतील माणसे चढली. आज हिवाळ्यात लडाखला हिमबिबट्या पाहण्यास पाहुणे जातात, तेव्हा समोरच्या उतारावर शेपटीचे टोक प्रथम दिसते ते गावातल्याच एखाद्या तरुणाला. आणि त्या रात्री पाहुणा त्याच्याच घरी भाड्याने राहतो.

श्रोतेहो, डोंगरात जाण्याची तयारी करणाऱ्याने जुनी पुस्तके जरूर वाचावीत. सामान हलके ठेवा, पाय कोरडे ठेवा, वाऱ्याकडे लक्ष द्या, पिठाचा हिशेब चुकवू नका, हा त्यांचा सल्ला आजही सोळा आणे खरा आहे. आपली यादी लिहिताना मात्र एक दुरुस्ती करावी. जुन्या शिकाऱ्यांनी हमालाची मजुरी यादीच्या अगदी तळाशी, किरकोळ खर्चात लिहिली. आपण ती पहिल्या ओळीत लिहावी आणि शेजारी त्या माणसाचे नावही लिहावे.